सुगंधा त्या दिवशी फाट्यावर नव्हती

यंदाच्या हिवाळ्यात, भेंडीचा दुसरा तोडा चालू होता त्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, धसईहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावच्या फाट्याशी पोलिसांनी रामाबाबांचं मनगट मोडलं. रामाबाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या हातात अर्ज होता. त्याच वेळी कमलकाकूच्या पाठीवर तीन काठ्या पडल्या, चौथी दंडावर. काकू खाली बसलेली होती. खाली बसलेल्या बाईला मारायचं तर पोलिसाला वाकावं लागतं. तो वाकला.

आणि त्याच दिवशी त्याच पोलिसांनी काकूच्या मुलीची, सुगंधाची वाट अडवली. सुगंधा फाट्यावर नव्हती. ती मुरबाडला मैदानावर धावत होती. पोलीस भरतीसाठी.

मी इथे कुणाचं आडनाव लिहिणार नाही. गावाचं नावही नाही. एकदा पूर्ण नावं लिहिली होती. त्याचं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

त्या दुपारी पोलीस ठाण्यात मोठ्या साहेबाने आमचीच वही माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हजेरी घ्यायची लई हौस ना तुला? घे."

मी घेतली. उभी राहून, खणखणीत आवाजात, अठरा नावं वाचली. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी स्वतःला शूर दाखवायला लागले तर तुम्हाला हे आठवलं पाहिजे.

आता पहिल्यापासून.

आमच्या गावामागच्या टेकडीला दगडाची खाण लागली त्याला चार वर्षं झाली. खाणीखाली खडी फोडायचा क्रशर. सकाळी सुरुंग, दुपारी सुरुंग. सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजतात. शाळेच्या भिंतीला तडा गेला, त्यावर नकाशा टांगला. पण घर तडकलं तर माणूस लिंपून घेतो. भेंडी लिंपता येत नाही.

भात निघालं की आमच्याकडे त्याच खाचरांत भेंडी लावतात. घरोघरी. भेंडीच्या अंगावर बारीक लव असते. त्या लवेत खडीची धूळ बसली की हाताने पुसून जात नाही. धुतली तर भेंडी काळी पडते. नाही धुतली तर व्यापारी घेत नाही. धसईच्या बाजारात एका व्यापाऱ्याने कमलकाकूच्या क्रेटमधली भेंडी उचलली, बोटावर घासली, बोट सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "ही भेंडी हाय का शिमिट? भाजी करू का घर बांधू?"

सगळा बाजार हसला. काकूही हसली. मग क्रेट डोक्यावर घेतला आणि गावापर्यंत चालत आली. मी बरोबर होते. घरी आल्यावर तिने अख्खा क्रेट म्हशीपुढे ओतला. म्हशीनेही तोंड लावून सोडून दिला.

अर्ज मी लिहायचे. शहापूरला कॉलेजात होते तेव्हा सापगावला मावशीकडे राहायचे. तिथे एका संघटनेत पत्रकं लिहायला, वाटायला शिकले. त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. निनावी कागदाला किंमत नाही. नाव लिहा, गाव लिहा, सही करा, अंगठा असेल तर अंगठा लावा. सरकार नावाला घाबरतं.

मी त्यावर विश्वास ठेवला. सात अर्ज दिले. सुरुंगाची वेळ ठरवा, धुळीवर पाणी मारा, डंपर गावातून नेऊ नका. साधं मागितलं होतं. सातही अर्जांवर पोचचा शिक्का आहे. शिक्का मारण्यापलीकडे कुणी काही केलं नाही. शेवटी गावाने ठरवलं, फाट्यावर बसायचं. डंपर अडवायचे. पोलीस ठाण्याला आठवडाभर आधी लेखी कळवलं. तेही पत्र मीच लिहिलं.

आता वहीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

आमच्याकडे गावकीचं काम निघालं की घरटी एक माणूस द्यायचा. ओहोळाला मातीच्या गोण्यांचा बंधारा घालायचा असो, वणवा येऊ नये म्हणून रानाच्या कडेचं गवत साफ करायचं असो. कामाच्या जागी एक वही असते. कोण आलं त्याची हजेरी. ज्या घरचं कुणी आलं नाही त्याने पुढच्या वेळी दोन माणसं द्यायची. वहीत नाव घरातल्या कुणाचंही लिहितात. प्रत्यक्ष राबायला आलेला दुसराच असतो. गावातल्या गजाननभाऊने एका वर्षी बंधाऱ्याला सासऱ्याला पाठवला आणि नाव स्वतःचं लिहायला लावलं. वर म्हणाला, "घर आला ना? मग झाला." कुणी काही म्हटलं नाही. घर आलं होतं.

त्या वहीत आमच्या बौद्धवाड्याचीही हजेरी असते. अकरा घरं. पण ती मागून. वही उलटी करायची आणि शेवटच्या पानापासून लिहायचं. असा नियम कुणी केला नव्हता. माझ्या वडिलांनी विचारलं होतं एकदा. त्यांना उत्तर मिळालं, "पानं तीच हायत ना रे?" मी लहान होते. वडील घरी आले आणि अंगणात बसून राहिले. पानं तीच. वही उलटी.

फाट्यावर बसायचं ठरलं तेव्हा रामाबाबांनी नवी वही आणली. सगळ्या गावासमोर ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही पोरगी लिवंल. सगळी एका बाजूने लिव गो. जो येईल तसा."

काहीजणांनी तोंडं वाकडी केली. पण बाबांपुढे कोण बोलणार. त्या सोमवारी सकाळी मी फाट्यावर उभी राहून लिहिलं. पहिलं नाव रामाबाबा. दुसरं माझ्या आईचं. तिसरं गजाननभाऊ. वाडा आणि गाव एका पानावर, एका बाजूने, एकाखाली एक. एकेचाळीस नावं. अक्षर वळणदार काढलं. मला किती बरं वाटलं होतं ते आता सांगायचीही लाज वाटते. आजवर आम्ही उलट्या बाजूने होतो, आणि आज मी सुलट्या बाजूने पान भरत होते. त्या आनंदात मी डोळे मिटून घेतले.

कमलकाकू आली. मी म्हटलं, "काकू, तुझं लिहिते."

"माझा नको. सुगंधाचा लिव."

"ती कुठाय?"

"गेली पळायला, पहाटेच. पण घर एकच ना? ती उद्या सरकारी माणूस व्हणार. तिचा नाव बघून साहेब जरा नीट बोलंल. माझा नाव वाचून कोण उठतंय?"

मी लिहिलं. सुगंधा, वडिलांचं नाव, आडनाव. पूर्ण. मला संघटनेने शिकवलं होतं ना, पूर्ण नाव लिहा म्हणून. गावकीची वही वेगळी आणि पोलिसांच्या हाती पडू शकेल असा कागद वेगळा, एवढं मला सुचलं नाही. बंधाऱ्यावर लिहितात तशी मी फाट्यावर हजेरी लिहिली. अशी चूक आमच्याच गावात होऊ शकते. ती मी केली.

साडेदहापर्यंत डंपरची रांग लागली. त्यांच्या मागे क्रशरच्या शेठची पांढरी गाडी. मोठा साहेब आला तो आमच्याकडे आलाच नाही. सरळ त्या पांढऱ्या गाडीच्या काचेशी वाकला. काच अर्धी खाली. साहेब मान हलवतोय, हसतोय. मग आला आणि भोंग्यावर बोलला, "पाच मिनिटांत रस्ता मोकळा करा. नाहीतर बळाचा वापर केला जाईल."

मी फोनमध्ये वेळ पाहिली. अकरा आठ.

रामाबाबा उठले. त्यांना वाटलं, साहेब आला म्हणजे ऐकून घेणार. आठवा अर्ज दोन्ही हातांत धरून ते पुढे गेले आणि म्हणाले, "साहेब, पोच द्या. आमी उठतो."

एवढंच. पोच द्या, आम्ही उठतो. त्या माणसाला एक शिक्का पाहिजे होता.

काठी त्या हातांवर आली. अकरा दहा झाले होते. पाच मिनिटंही दिली नाहीत. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. मग सगळीकडून आले. बायका पुढे बसल्या होत्या, म्हणून आधी बायकांना मार. पुरुष पोलीस. महिला पोलीस चारच होत्या, त्या केस धरायच्या कामाला. भेंडीचे क्रेट आम्ही रस्त्यावर ओळीत मांडले होते, साहेबाला धूळ दाखवायला. त्यांच्यावरून बूट गेले. भेंडी तुडवली की चिकट होते. त्या चिकट रस्त्यावर माणसं घसरून पडत होती आणि पडलेल्यांवर काठ्या चालत होत्या. माझ्या पोटरीवर एक बसली. एका महिला पोलिसाने माझी वेणी हाताला गुंडाळली आणि गाडीपर्यंत ओढत नेलं. वही मी छातीशी धरली होती. सोडली नाही. कुठे गटारात फेकली असती तर आज हे लिहायला लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, सौम्य बळाचा वापर. सौम्य म्हणजे काय ते रामाबाबांना विचारा. उजव्या हाताने त्यांना अजून पाण्याचा पेला धरता येत नाही.

ठाण्यात आम्हाला मागच्या पडवीत बसवलं. पस्तीसेक माणसं, बाया-पुरुष एकत्र. साहेब खुर्ची टाकून समोर बसला. माझ्याकडून काढून घेतलेली वही उघडली. पानं उलटली. हसला.

"अरे वा. आरोपींनी स्वतःच यादी करून आणली. आमचं काम वाचवलं. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कुठं राहतेस?"

"बौद्धवाड्यात."

तो गावातल्या पुरुषांकडे वळला. "मेली का रे सगळी कर्ती माणसं गावातली? हिच्या मागं चाललात?"

गजाननभाऊने मान खाली घातली. साहेबाने वही माझ्यापुढे धरली. "हजेरी घ्यायची लई हौस ना तुला? घे. नाव पुकारायचं. ज्याचं नाव त्याने उठायचं, हजर साहेब म्हणायचं, कान धरायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचं. चल."

मी वाचायला लागले.

का वाचलं? भीती वाटली म्हणून. पोटरी ठणकत होती. आई समोर बसली होती, तिला परत मारतील असं वाटलं. कारणं खूप आहेत. वाचलं हे खरं.

रामाबाबांचं नाव. ते उठले. "हजर, साहेब." मोडलेला हात पोटाशी. साहेब म्हणाला, "कान?" बाबांनी डाव्या हाताने डावा कान धरला. "दुसरा?" बाबा उजवा हात उचलायला गेले आणि तोंडातून आवाज निघाला. एक शिपाई हसला. साहेब म्हणाला, "राहू दे, एकावर भागवू." बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाने मला वहीच्या सुलट्या बाजूने लिहायला बसवलं, त्याला मी भिंतीकडे बसवलं.

माझी आई उठली. हजर साहेब. कान. भिंत.

मी वाचत गेले. प्रत्येक नावाला एक माणूस उठत होता आणि माझ्याकडे बघत होता. साहेबाकडे कुणी बघत नव्हतं. नाव माझ्या तोंडून येत होतं ना. तेव्हा मला कळायला लागलं की हा माणूस काय करतोय. त्याने काठी बाजूला ठेवली होती आणि मला हातात घेतलं होतं.

एकोणिसावं नाव सुगंधाचं होतं.

कमलकाकू माझ्या पायाशी बसली होती. तिने माझ्या पायाला चिमटा घेतला. खाली मान घालून, ओठ न हलवता म्हणाली, "पोरी, तो नको वाचू."

मी थांबले. डोकं झपाट्याने चालायला लागलं. वाचलं आणि कुणी उठलं नाही, तर सुगंधा फरार. काकू तिच्या नावाने उठली, तर सुगंधा इथे होती हे पक्कं झालं. कसंही केलं तरी तिचंच मरण. ती तिकडे घामाने भिजून मैदानाला फेऱ्या मारतेय, आणि इकडे मी तिचं नाव तोंडात धरून उभी.

"काय झालं? थांबलीस का?"

"वाचणार नाही."

"काय?"

"वाचणार नाही. ही आमच्या गावची हजेरी आहे. तुमची नाही. यांचा हात मोडलाय. आधी दवाखान्यात न्या. कुणी मारलं ते लिहून घ्या."

साहेब खुर्चीतून उठला नाही. शांतपणे म्हणाला, "तुमच्या लोकांना लिहायला-वाचायला शिकवलं तिथेच देशाचं वाटोळं झालं."

मी वही मिटली. खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. मांडी घालून. दुसरं काही सुचलं नाही. फाडली असती तर पुरावा नष्ट केला म्हणाले असते. म्हणून बसले. बाईमाणूस बसली की तिला उचलायला चार जणी लागतात, एवढं फाट्यावर कळलं होतं.

"वाच गो बये," गजाननभाऊ भिंतीकडे तोंड करूनच ओरडला. "वाच नि मोकळी हो. आमाला तरी सुटू दे."

मला त्याचा राग आला. अजून आहे. घाबरलेल्या माणसाला समजून घ्यावं म्हणतात. मी स्वतः अठरा नावं वाचलेली आहेत, त्याची भीती मला कळते. तरी राग आहे.

पण रामाबाबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. कान सोडला. साहेबाकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "मी नाय बसणार असा. माझा हात दुखतोय. दवाखान्यात न्या, नाय तं हितंच मरतो. मग करा पंचनामा." मग माझी आई वळली. आणखी दोन बाया वळल्या. चौघं. बाकीचे भिंतीकडेच राहिले. सगळं गाव उठलं वगैरे काही झालं नाही. चार माणसं वळली.

महिला पोलिसांनी मला ओढलं. एकीने कानाखाली मारली. माझ्याच वयाची होती. तीही कधी काळी पहाटे उठून धावली असेल, तिच्याही आईने कुणाला तरी सांगितलं असेल, माझी पोरगी सरकारी माणूस व्हणार. वही त्यांनी माझ्याखालून काढून घेतलीच. नावं उतरवून घेतलीच. मी काहीही वाचवू शकले नाही. फक्त एकोणिसावं नाव माझ्या तोंडून त्यांना मिळालं नाही.

संध्याकाळी बायकांना सोडलं. पुरुषांना रात्रभर ठेवलं. सहा जणांनी लिहून दिलं की या मुलीने आम्हाला फूस लावली. त्यांना आधी सोडलं. गजाननभाऊ त्यात होता.

गुन्हा दाखल झाला. बेकायदेशीर जमाव, सरकारी कामात अडथळा, पोलिसांवर हल्ला. एकेचाळीस आरोपी. वहीतून जसेच्या तसे. सुगंधा आरोपी क्रमांक एकोणीस. तिने पोलिसांवर दगड मारले असं त्यात आहे. मैदान कुठे, फाटा कुठे.

आणि कमलकाकू? कमलकाकू त्या कागदात कुठेच नाही. चार काठ्या खाऊन नाही. काकू डॉक्टरकडे गेली. ते म्हणाले, मारहाणीची नोंद करायची तर पोलिसांचं पत्र आणा. काकू ठाण्यात गेली, मी बरोबर होते. तिथे टेबलाशी एक हवालदार बसला होता. काकू त्याला म्हणाली, "दादा, फाट्यावर मी होते. माझी पोर नव्हती. तिचा नाव काढा नि माझा घाला."

हवालदाराने यादी पाहिली. "तुमचं नाव नाही, काकू. म्हणजे तुम्ही नव्हता."

"मग हे वळ कशाचे?"

"घरी मारलं असेल कुणीतरी."

काकूचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तिने पदर पाठीवर ओढून घेतला. त्या दिवशी बाजारात हसली होती तशीही हसली नाही. बाहेर येऊन झाडाखाली बसली आणि मला विचारलं, "गुन्हेगार व्हायचा म्हणला तरी होऊ देत नाय काय गो हे?"

चार दिवसांनी सुगंधा माझ्या ओट्यावर आली. मैदानावरचे बूट अजून पायात.

"तू लिवलंस?"

"हो."

"आईने सांगितला म्हणून?"

"हो."

"आई नाय शिकली. तू शिकलेली ना गो?"

साहेबाची शिवी मी पचवली. हे वाक्य नाही पचत.

मग तीच म्हणाली, "आता तोंड पाडून बसू नको. काय करायचा ते सांग. भरतीच्या अर्जात विचारतात, गुन्हा दाखल आहे का. काय भरू?"

मी म्हटलं, "अजून त्यांच्यातच जायचंय तुला?"

"मग काय करू? क्रशरवर पावत्या फाडू?" ती बुटाची नाडी सोडत-बांधत होती. "नि आपल्यातली कुणी गेलीच नाय, तर आपल्याला मारायला नेहमी तसलेच येतील ना."

आम्ही कामाला लागलो. सुगंधा मैदानावर होती हे सांगणारा एकच माणूस, तिला शिकवणारा सर. तो म्हणाला, "बाळा, मी लिहून दिलं तर माझा क्लास उद्या बंद होईल. माझ्याकडे साठ पोरं आहेत." त्याने तिची त्या दिवसाची नोंद दाखवायलाही नकार दिला. आमची केस घेतलेल्या वकीलबाई म्हणाल्या, दोन गोष्टी सिद्ध करा. मुलगी तिथे नव्हती आणि आई तिथे होती. आई दिसली पाहिजे.

आई दिसते. मी पाहिली आहे.

कारण त्या दिवशी फाट्यावर आम्ही आणि पोलीस एवढेच नव्हतो. दोन्ही बाजूंना एसट्या उभ्या होत्या, भाजीचे टेम्पो होते, मोटारी होत्या, टू-व्हीलरवाले होते. प्रत्येकाचा फोन वर होता. तिसऱ्या दिवशी त्यातलीच एक क्लिप माझ्याच फोनवर फिरत आली. कुणीतरी तिला गाणं लावलं होतं. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई खाली बसलेली आहे आणि एक पोलीस वाकतोय. दीड सेकंद. मग क्लिप कापली आहे. मी कुणी पाठवली, कुणाकडून आली असं विचारत विचारत मागे गेले. आठ माणसांच्या मागे धसईजवळचा एक मुलगा निघाला. टेम्पोवर असतो. त्याने स्वतः काढली होती, पूर्ण, सहा मिनिटांची. मी त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "ताई, मी डिलीट केली. आपल्याला लफडा नको. टाइम पण नाय." जाताना म्हणाला, "पण लई वाईट वाटला बघून."

वाईट वाटलं. सगळ्यांनाच वाईट वाटलं. पेपरवाल्याला वाटलं, सराला वाटलं, गजाननभाऊच्या बायकोने तर आमच्या घरी येऊन डोळे पुसले. त्या वाईट वाटण्याने सुगंधाच्या अर्जातला तो एक रकाना भरता येत नाही.

म्हणून आता माझं सांगते. मी परत अर्ज लिहिणार आहे, पण पोचच्या शिक्क्यासाठी नाही. कोर्टासाठी लिहिणार आहे. आम्ही फाट्यावर परत बसणार आहोत. पुढच्या वेळी जो माणूस समोर उभा असेल त्याचंच नाव लिहीन, आणि कुठल्याही साहेबाने सांगितलं म्हणून माझ्या माणसांना उठवणार नाही. मला पुन्हा वेणी धरून ओढतील. ओढू देत. त्या पडवीत अठरा माणसं भिंतीकडे बसवली, त्याची भरपाई माझ्याकडून होणार नाही. पण एकोणिसावं मी त्यांना देणार नाही. अजून दिलेलं नाही.

आणि आता तुमचं.

तुम्ही त्या सोमवारी त्या रस्त्यावर होता. धसईच्या बाजारातून येत होता, किंवा मुरबाडला कामाला निघाला होता. तुमची गाडी अडकली, तुम्हाला उशीर झाला, तुम्ही वैतागलात आणि फोन काढलात. तुम्हाला मी ओळखत नाही, पण तुमच्या फोनमध्ये ती आहे हे मला माहीत आहे. कुणाला पाठवू नका, त्यावर गाणं लावू नका, हात जोडलेली चित्रं टाकू नका. मूळ क्लिप आहे तशी ठेवा. घेऊन आमच्याकडे या, आम्ही वकिलाकडे नेतो. आणि तारीख लागेल त्या दिवशी कोर्टात येऊन, शपथ घेऊन, तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगा. दुसरं काही मागत नाही. साक्षीला उभे राहा.